घर सुधारणाऱ्याला घरपट्टीचा भुर्दंड नको

उन्हाळा सरत आला की आपल्या अभियंता-वास्तुविशारद मंडळींपैकी बहुतेकांच्या हातात एकाच तऱ्हेची कामे असतात. गच्चीचे वॉटरप्रूफिंग, फुटक्या कौलांचे छप्पर, गळणारी मोरी, फुगून आलेला गिलावा. घरमालक अंदाजपत्रक हातात घेतो, दोनदा बेरीज तपासतो आणि म्हणतो, "यंदा पॅच मारून द्या, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी गंजलेली सळई उघडी पडलेली असते आणि गिलाव्याचे काम जॅकेटिंगपर्यंत गेलेले असते.

पैशाची अडचण असते, हे खरेच. पण त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न हमखास येतो: "साहेब, घरपट्टी वाढेल का हो?" प्रामाणिक उत्तर द्यायचे तर रंग, गिलावा आणि फरशीने वाढत नाही, पण पत्र्याच्या जागी स्लॅब आला, मातीची भिंत जाऊन विटांची आली, तर वाढते. नगरपालिका असलेल्या एका गावातले काम मला अजून आठवते. निवृत्त शिक्षकाने भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून पत्रे काढून स्लॅब टाकला. क्षेत्रफळ एक फूटही वाढवले नव्हते. चतुर्थ वार्षिक पाहणीत घराचा बांधकाम प्रकार बदलला आणि बिल चढले. गल्लीतल्या शेजाऱ्याने पडके घर तसेच ठेवले. त्याचे बिल होते तेवढेच राहिले. त्यानंतर त्या गल्लीत कोणी छपराचे काम काढताना दहा वेळा विचार करत असे. खेड्यातही वेगळे नाही. ग्रामपंचायतीची आकारणी 2015 च्या नियमदुरुस्तीनंतर भांडवली मूल्यावर गेली, आणि मातीच्या घराचा दर कमी व आरसीसीचा जास्त, अशी तिची रचना आहे. गरिबाच्या घरावर कर कमी असावा हा हेतू योग्यच आहे. पण घर सुधारताक्षणी कर वाढणार असेल, तर सुधारणेलाच दंड बसतो.

कायद्याला दुरुस्तीचे वावडे आहे असेही नाही. मुंबईच्या 1888 च्या आणि इतर महापालिकांच्या 1949 च्या कायद्यात वार्षिक भाडेमूल्यातून 10 टक्के वजावट आहे, ती दुरुस्ती आणि इतर सर्व बाबींपोटी. पुण्यात ही वजावट कित्येक वर्षे 15 टक्के होती. तिच्यातला दोष आपल्या व्यवसायातल्या माणसाला लगेच दिसेल: वजावट सर्वांना सरसकट मिळते, दुरुस्ती केली तरी आणि नाही केली तरी. दर तीन वर्षांनी गच्ची पाहून घेणारा आणि भिंतीत पिंपळ वाढू देणारा, दोघांची वजावट सारखीच. मग काळजी घेणाऱ्याला उत्तेजन कोण देणार?

आता 2020 चे वर्ष आठवून पाहा. टाळेबंदीनंतर बांधकामाला हात देण्यासाठी राज्य सरकारने मुद्रांक शुल्क 3 टक्क्यांनी कमी केले. मुंबईत 5 चे 2 टक्के झाले. 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर ही सवलत होती, पुढे मार्चअखेर ती थोडी कमी करून चालू ठेवली. डिसेंबरात नोंदणी कार्यालयांत रांगा लागल्या. जानेवारी 2021 मध्ये विकासकांच्या अधिमूल्यातही वर्षभरासाठी 50 टक्के सूट आली. मंदीत कर कमी केला की माणसे खर्चाला तयार होतात, हे या राज्याने स्वतःच दाखवून दिले. पण ती सारी सवलत घर विकत घेणाऱ्याला आणि ते बांधून विकणाऱ्याला. आहे ते घर टिकवणाऱ्याच्या वाट्याला काहीच आले नाही. सवलत सुरू झाल्यानंतर तीनच आठवड्यांनी, 21 सप्टेंबरच्या पहाटे, भिवंडीची जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. ती 1984 सालची होती, म्हणजे अवघी 36 वर्षांची. या दोन्ही घटना एकाच महिन्यातल्या आहेत, आणि मला त्या वेगळ्या करून पाहता येत नाहीत.

इतर करांतही हाच कल आहे. आयकराच्या जुन्या पद्धतीत स्वतः राहत्या घराच्या खरेदी-बांधकामाच्या कर्जावरचे व्याज 2 लाखांपर्यंत वजा होते. दुरुस्तीच्या कर्जावरचे फक्त 30 हजारांपर्यंत. बांधकाम चालू असलेल्या नव्या सदनिकेवर जीएसटी 5 टक्के, परवडणारी असेल तर 1 टक्का. दुरुस्तीच्या नोंदणीकृत ठेकेदाराच्या बिलावर 18 टक्के.

मंदीतली दुरुस्ती रोजगाराच्या दृष्टीनेही वेगळी आहे. इथे जागेची किंमत नाही, अधिमूल्य नाही, जाहिरात नाही. घरमालकाचा पैसा गवंडी, बिगारी, प्लंबर, सुतार, रंगारी आणि कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला यांच्यात वाटला जातो, आणि बहुतेक त्याच गावात राहतो. मोठा प्रकल्प मंजुरीपासून पायाभरणीपर्यंत यायला वर्ष घेतो. गच्चीचे काम सोमवारी ठरले तर गुरुवारी मजूर नाक्यावरची चार माणसे कामाला लागतात.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा अनुभव यासाठी पाहण्यासारखा आहे. 1950 मध्ये या शहराची वस्ती 20 लाखांवर होती, 2000 पर्यंत ती 15 लाखांवर आली. रिकामी, पडकी घरे मागे राहिली. 1997 पासून शहराने घर दुरुस्त करणाऱ्याला सवलत दिली: सुधारणेमुळे जे मूल्य वाढेल त्यावर 10 वर्षे मालमत्ता कर नाही, जमिनीवर आणि मूळ घरावर मात्र कर चालूच. महापालिकेला आज मिळणारा डॉलर गमवावा लागला नाही, फक्त उद्याच्या वाढीसाठी थांबावे लागले. 2000 मध्ये हीच सवलत नव्या बांधकामाला लागू केली आणि वाद सुरू झाला, कारण महागडे मनोरे करमुक्त होऊ लागले आणि मालमत्ता करातला निम्म्याहून मोठा वाटा ज्या शाळांचा, त्यांना चिमटा बसला. अखेर 2022 पासून नव्या घरांची सवलत दरवर्षी घटत जाणारी केली. जुन्या घरांच्या दुरुस्तीची मात्र पूर्ण ठेवली. पंचवीस वर्षांच्या अनुभवानंतर शहराने काय ठेवले आणि काय कापले, हे आपल्या धोरणकर्त्यांनी पाहावे.

सवलत किती असावी याचा धडा इटलीकडून घ्यावा. 2020 मध्ये तिथल्या सरकारने ऊर्जाबचतीच्या आणि भूकंपरोधक कामांवर खर्चाच्या 110 टक्के करसवलत दिली. खिशातून काहीच जायचे नसल्यावर घासाघीस कोण करणार? दर भडकले, गैरप्रकार झाले, तिजोरीला मोठे भगदाड पडले. उलट कॅनडाने 2009 च्या मंदीत एका वर्षापुरती, जास्तीत जास्त 1,350 डॉलरची आयकर सवलत दिली आणि प्रत्येक खर्चाची पावती मागितली.

महाराष्ट्रासाठी माझी मागणी साधी आहे. मंजूर क्षेत्रफळ न वाढवता केलेल्या सुधारणेमुळे करयोग्य मूल्य वाढत असेल, तर ती वाढ 5 वर्षे गोठवावी. छप्पर, खांब-तुळयांचे मजबुतीकरण, वॉटरप्रूफिंग, वायरिंग आणि नळकाम एवढीच कामे त्यात धरावीत. तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहेच; अहवालाप्रमाणे काम पूर्ण करणाऱ्या सोसायटीला सर्वसाधारण करात काही वर्षे सूट द्यावी. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर राज्याचे, त्यांना हात लावू नये. सौर यंत्रणा आणि पावसाचे पाणी साठवणे यांसाठी पुण्यासारखी महापालिका सूट देतेच, मग डोक्यावरचा स्लॅब सुरक्षित करणाऱ्याला का नाही? मूल्य गोठवण्यासाठी कायदा बदलावा लागेल. ते काम विधिमंडळाचे.

पण ही मागणी करण्याआधी आपल्याला स्वतःच्या दाराशीही पाहावे लागेल. सवलत प्रमाणपत्रावर मिळणार आणि ते आपण देणार. बंदिस्त केलेली बाल्कनी 'दुरुस्ती' म्हणून दाखवली, फॉल्स सीलिंगला मजबुतीकरण म्हटले, तर दोन वर्षांत योजना बंद पडेल आणि ते योग्यच होईल. 'बिल नको, रोख घ्या' हा व्यवहारही सोडावा लागेल. जॅकेटिंगआधीचे आणि नंतरचे छायाचित्र, वापरलेल्या मालाच्या पावत्या, मजुरांच्या हजेरीची वही, एवढे तरी प्रत्येक कामाच्या फाइलमध्ये असायला हवे.

महापालिकांना पुढच्या वर्षाचे कराचे दर 20 फेब्रुवारीपूर्वी ठरवावे लागतात. आपापल्या शहरातल्या अभियंता आणि वास्तुविशारद संघटनांनी त्याआधी लेखी निवेदन द्यावे, आणि सोबत गेल्या पावसाळ्यानंतर पैशांअभावी किंवा घरपट्टीच्या धास्तीने लांबणीवर पडलेल्या आपल्याकडच्या कामांची यादी जोडावी. तिची एक प्रत आमच्याकडेही पाठवा.