शर्यतीचा बैल, नांगराचा बैल
शहापूरचा भाचा विचारतो, ‘मामा, गेमही खेळायचेत, व्हिडिओ एडिटिंगची कामंही घ्यायचीत, रायझन ७ ७८००एक्स३डी घेऊ की कोअर आय९ १४९००के?’ मुरबाडजवळ म्हशाच्या जत्रेत बैल बघताना कुणी नुसतं ‘चांगला कुठला’ म्हणून विचारत नाही. शर्यतीला हवा की नांगराला, हे आधी ठरतं. प्रोसेसरचंही तसंच. पहिल्यात, म्हणजे रायझनमध्ये, कोअर ८च, पण एल३ कॅशे ९६ एमबी, दुसऱ्याकडे ३६. म्हणून पहिल्यात गेमला लागणारा डेटा हाताशी, रॅमपर्यंतचे हेलपाटे कमी. दुसऱ्यात २४ कोअर, ८ दणकट, १६ काटकसरी. रेंडरिंगचं रान भराभर उरकतो. वैरण मात्र बघा: पूर्ण जोरात २५३ वॉटपर्यंत, पहिला बहुतेक वेळा शंभराच्या आत भागवतो. शिवाय या दुसऱ्याच्या पिढीतल्या काही चिप्स जादा व्होल्टेजमुळे बिघडल्या आणि २०२४मध्ये इंटेलला मायक्रोकोड बदलून वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. वैशाखात पत्र्याखाली, वीज जात-येत असताना चालवायचं, तर माझं मत पहिल्याला. भाच्याची कामं हळदीच्या आणि लग्नाच्या व्हिडिओंची. तेवढ्याला ८ कोअर पुष्कळ. उरल्या पैशांत चांगला यूपीएस घे म्हटलं, तर त्याला रंगीत दिव्यांची कॅबिनेट हवी आहे.