पेठेची पट्टी द्यावी, पण पेठेत मतही घ्यावे

बाजारच्या दिवशी पाऊस झाला म्हणजे काय गत होते, हे मराठवाड्यातल्या माणसास सांगावयास नको. काळी माती रस्त्यावर आली की चपला हातात घेऊन चालावे लागते. भाजीवालीचे पोते चिखलात, कुंभाराची मडकी चिखलात, आणि गिऱ्हाईक आल्या पावली परत. पहाटे खेड्यातून निघून दिवस मावळेपर्यंत पालात बसणाऱ्या बायांनी लघवीस कोठे जावे, याचा विचार करण्यास कोणास फुरसत नाही. दुकानदारास विचारावे तर तो म्हणतो, हे काम कचेरीचे. कचेरीत विचारावे तर ती म्हणते, निधी आल्यावर पाहू. निधी येतो केव्हा आणि जातो कोठे, हे देव जाणे!

घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरी हे भोवतालच्या खेड्यांचे बाजाराचे गाव आहे. कापूस, ऊस, मोसंबी पिकवणारा हा मुलूख. समर्थ सहकारी साखर कारखान्याचा सागर हा दुसरा कारखाना येथेच आहे. ग्रामपंचायत जाऊन नगर पंचायत झाली, तिच्या निवडणुकीचा निकाल 2022 सालच्या जानेवारीत लागला. म्हणजे गावास शहरपण आले. पेठेस मात्र ते अजून यावयाचे आहे. उसाचे बिल हाती पडले की लग्नाचा बस्ता बांधावयास माणूस जालन्यास जातो, आणि पोरे तर घरबसल्या मोबाईलवरून कापड आणि भांडी मागवतात. पैसा या मातीत पिकतो आणि वाऱ्यावर बसून दुसऱ्या गावी जातो. मग येथल्या शिंप्याने, लोहाराने, चांभाराने आणि लहान वाण्याने कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

आमचे म्हणणे असे की, तीर्थपुरीच्या पेठेने आपले स्वतःचे सुधारणा मंडळ काढावे. पेठेच्या हद्दीत जो जो धंदा करतो त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे पट्टी द्यावी आणि ती पट्टी त्याच पेठेत खर्च व्हावी. दिवे, गटार, पाणपोई, बायांची मुतारी, पालांसाठी मुरमाचा ओटा, बाजार उठल्यावर झाडलोट, एवढीच कामे. समजा, शंभर गाळ्यांनी महिन्यास शंभर रुपये दिले, तरी वर्षाचे 1,20,000 रुपये होतात. गणपतीच्या आणि जयंतीच्या वर्गणीस आपण नाही म्हणत नाही. ही वर्गणी तर रोजच्या भाकरीची आहे.

ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नव्हे. कॅनडा देशात टोरांटो शहरी ब्लोर वेस्ट व्हिलेज म्हणून एक पेठ आहे. 1968 साली तेथे जमिनीखालून आगगाडी सुरू झाली. पूर्वी रस्त्यावरच्या ट्रामगाडीतून लोक दुकाने पाहत जात, ते आता खालच्या खालीच निघून जाऊ लागले. शहराबाहेर मोठमोठे मॉलही उभे राहिले. पेठ ओस पडू लागली. दुकानदारांनी आधी खुशीची वर्गणी काढून पाहिली. झाले काय, तर चार जणांनी पैसे द्यावे आणि दहा जणांनी फुकट उजेडात बसावे! तेव्हा त्यांनी कायदा करून घेतला, आणि 1970 साली तेथे पहिले मंडळ निघाले. हद्दीतील प्रत्येक धंद्यावर पट्टी बसली. नगरपालिकेने ती कराबरोबर गोळा करून मंडळाच्या हाती द्यावी आणि मंडळाने ती पेठेवर खर्चावी, अशी रीत पडली. ती रीत पुढे पुष्कळ देशांत गेली. इंग्लंडात 2003 साली कायदा झाला, त्यात आधी धंदेवाल्यांची मते घ्यावी लागतात आणि पाच वर्षांनी मंडळास पुन्हा कौल मागावा लागतो. ही दुसरी अट आम्हांस विशेष आवडली. एकदा खुर्चीवर बसलेला माणूस आपल्याकडे कसा उठत नाही, हे वाचकांस ठाऊक आहेच.

येथवर ठीक. पण पैसा गोळा झाला की मुंगळे येतात, आणि याचे उदाहरण टोरांटोस जाऊन शोधावयास नको. आपल्या शेजारच्या वऱ्हाडात ते आहे. कारंजा येथे 1886 साली कापसाचा नियमबद्ध बाजार भरू लागला, आणि 1897 साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. वजन खरे असावे, दलाली ठरलेली असावी, बाजारात जमलेल्या फीतून बाजाराची व्यवस्था व्हावी, हा हेतू चांगला होता. पण समिती कोणाची? व्यापाऱ्यांची आणि म्युनिसिपालिटीच्या माणसांची. ज्याच्या गाडीतून कापूस येतो त्या कुणब्यास त्या समितीत जागाच नव्हती! वर, उरलेला पैसा म्युनिसिपालिटीच्या सामान्य तिजोरीत जाई. 1928 साली शेतकी कमिशनने या व्यवस्थेवर बोट ठेवले. महाराष्ट्राच्या 1963 च्या बाजार समिती कायद्यात शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना व्यापाऱ्यांहून जास्त जागा मिळाल्या. म्हणजे आपली जागा मिळावयास पुष्कळ वर्षे गेली.

तीर्थपुरीने ही चूक पहिल्या दिवशीच टाळावी, एवढ्यासाठी हा लेख. मंडळ जर फक्त मोठ्या गाळेवाल्यांचे झाले, तर त्याचा पहिला ठराव काय असेल हे आम्ही आजच सांगतो: "रस्त्यावर बसणाऱ्यांमुळे वाहतुकीस अडथळा होतो, सबब त्यांना हलवावे." सुधारणा या गोड शब्दाखाली भाजीवाली, बांगडीवाला आणि केरसुण्या विकणारी म्हातारी यांना गावाच्या कडेस ढकलले जाईल. गाळेवाल्यांस आम्ही एवढेच विचारतो की, पालाभोवतीची गर्दी नसेल तर तुमच्या दुकानाची पायरी चढणार कोण? मेथीची जुडी घ्यावयास आलेली बाईच परत जाताना खोबरे आणि लुगडे घेऊन जाते.

शेतकरी म्हणेल, "पट्टी दुकानदार देणार, आमचा काय संबंध?" बंधूंनो, संबंध फार जवळचा आहे. दुकानदार ती पट्टी पदरची देत नाही. साखरेच्या किलोमागे आणि खताच्या गोणीमागे तो ती तुमच्याकडून वसूल करतो. तेव्हा देणारे तुम्हीच आणि चिखल तुडवणारेही तुम्हीच. मग ठरावाच्या वेळीच तुम्ही परके कसे?

म्हणून मतास गाळ्याचे क्षेत्रफळ लावू नये. माणसामागे एक मत असावे, मग तो पाच गाळ्यांचा मालक असो की गोणपाटावर बसणारा असो. गोणपाटवाल्याकडून बाजारामागे पाच रुपये घ्यावे, पण घेतल्याची पावती द्यावी, कारण त्या पावतीवरच त्याचे मत उभे राहील. भाड्याने धंदा करणाऱ्यास मत असावे. गाळा बंद ठेवून भाव वाढण्याची वाट पाहणाऱ्या मालकाने पट्टी मात्र द्यावी. भोवतालच्या खेड्यांच्या शेतकऱ्यांस व हमालांस ठरलेल्या जागा असाव्यात. जमाखर्च दर महिन्यास पेठेतील फळ्यावर लिहावा, आणि तोही सर्वांस वाचता येईल अशा मराठीत. आकडे इंग्रजीत आणि सही वाचता न येणारी, असला हिशेब आम्ही पुष्कळ पाहिला आहे.

हे मागणे भलतेच नाही. पथविक्रेत्यांचा 2014 चा कायदा सांगतो की, शहराच्या विक्रेता समितीत निदान शेकडा 40 जागा विक्रेत्यांनी निवडून दिलेल्या असाव्यात आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रियांच्या असाव्यात. कायद्याने जे नगर पंचायतीस बांधले आहे, ते मंडळाने आपखुशीने का मानू नये?

आता अडचण अशी की, आपल्याकडे अशा मंडळास पट्टी सक्तीने वसूल करता येत नाही. संस्था नोंदवता येईल, वर्गणी खुशीची राहील, आणि टोरांटोचे फुकट उजेडात बसणारे येथेही निघतील. त्यावर एकच उपाय आम्हांस दिसतो. आधी लहान काम करून दाखवावे. पहिल्या वर्षी फक्त मुतारी आणि पालांचा ओटा बांधावा, खर्च फळ्यावर लिहावा, आणि मग न देणाऱ्याकडे पुन्हा जावे. दिवे आणि कमानी मागाहून. कमान बांधून तिच्यावर नाव कोरण्याची घाई झालेली मंडळी प्रत्येक गावात असतातच, त्यांना थोडे थांबवावे.

कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापारास घर दिले. 1917 साली जयसिंगपूर वसवले. तेव्हा राजा होता, त्याच्या मनात आले आणि पेठ झाली. तीर्थपुरीच्या पेठेस आता आपले आपणच पाहावयाचे आहे.

पहिली सभा कोणाच्या जिनिंगच्या आवारात किंवा वरच्या मजल्यावर घेऊ नये. तेथे जोडे काढून कोपऱ्यात बसणारा माणूस तोंड उघडत नाही. ती बाजारातच घ्यावी, आणि बाजारच्याच दिवशी भर दुपारी घ्यावी, कारण संध्याकाळी खेड्यांतल्या बाया गाडी गाठण्याच्या घाईत असतात. पाल सोडून येता येत नाही असे जी म्हणेल, तिचे पाल तेवढा वेळ शेजारणीने सांभाळावे.