नंबर जुळला म्हणजे माप जुळलं असं नाही

नवा रायपुरात संध्याकाळी सातनंतर रस्ते असे रिकामे होतात, की सहापदरी रस्त्यावर आपल्याच बुटांचा आवाज ऐकू येतो. अशाच एका रविवारी फेरफटका मारत असताना टेक्सासहून भाच्याचा फोन आला. तिकडे सकाळ होती.

"मामा, तू फौजेतला माणूस. एक सांग. डाय नवी आणली आहे, शेल होल्डर ऑफिसातल्या एकाकडून जुना घेतलाय. कंपन्या वेगळ्या आहेत. दोन्ही थ्री-नॉट-एटचेच आहेत. चालेल ना?"

मी दोन सेकंदांत उत्तर दिलं. "कॅलिबर तेच आहे ना? मग चालेल."

हे उत्तर चुकीचं होतं. आजचा लेख त्याबद्दल आहे.

आधी थोडं समजून घेऊ, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी हे काम कधी केलेलं नाही. अमेरिकेत निशाणेबाजीच्या छंदातले अनेक लोक चाललेली पुंगळी टाकून देत नाहीत, तीच पुन्हा भरतात. गोळी झाडली की पितळी पुंगळी चेंबरच्या मापाला फुगते. तिला मूळ मापावर आणण्यासाठी हातप्रेस वापरतात. वर पोलादी साचा, म्हणजे डाय. खाली छोटीशी खाचेची चकती, म्हणजे शेल होल्डर. चकती पुंगळीची कडा धरते, प्रेसचा दांडा पुंगळीला वर डायमध्ये ढकलतो आणि पुंगळीचा खांदा मागे दाबला जातो.

किती मागे, हे कोण ठरवतं? डाय एकटी ठरवत नाही. डायचा तळ चकतीच्या माथ्याला टेकला, की पुंगळी तिथेच थांबते. म्हणून पुंगळीची बैठक ते चकतीचा माथा, ही उंची महत्त्वाची. धंद्यात ती ०.१२५ इंच धरतात, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरलाही थोडी कमी. डाय बनवणारा हीच उंची गृहीत धरतो. चकती उंच असेल तर खांदा पुरेसा दबत नाही आणि बोल्ट बंद व्हायला कुरकुरतो. चकती बुटकी असेल तर खांदा जास्त दबतो. मग पुंगळी चेंबरमध्ये सैल बसते आणि दर फायरला बुडाजवळ ताणली जाते. तिथलं पितळ पातळ होत जातं आणि एक दिवस तिथेच फाटतं. फाटली, की गरम वायू मागे येतो. मागे आपला चेहरा असतो.

दोन महिन्यांनी भाच्याने फोटो पाठवला. तीनदा भरलेल्या पुंगळ्यांवर बुडाच्या थोडं वर एक चमकती रेघ. "मामा, ही काय आहे?"

मला सांगता आलं नाही. मी साताऱ्याला फोन लावला. माझ्या पहिल्या युनिटबरोबर असलेले आर्मरर, आता निवृत्त सुभेदार साहेब. त्यांनी रिलोडिंगची प्रेस आयुष्यात पाहिलेली नाही. मी वर्णन केलं, फोटो पाठवला. ते म्हणाले, "साहेब, पुंगळी ताणतेय. खांदा जादा दबतोय. त्या दोन वस्तूंपैकी एक बुटकी आहे. पोराला म्हणावं आधी थांब, मग माप घे."

भाच्याने माप घेतलं. चकतीची उंची ०.११५ इंच निघाली. आधीच्या मालकाने खांदा आणखी दाबता यावा म्हणून माथा घासून घेतला होता. शिक्का शाबूत, नंबर शाबूत, दहा हजारांश इंच गायब. थ्री-नॉट-एटच्या चेंबरसाठी 'गो' गेज १.६३० इंचाचा आणि 'नो-गो' १.६३४ चा असतो. दोघांत फरक चार हजारांशांचा, जेमतेम एक दशांश मिलिमीटर. त्यापुढे दहा म्हणजे किती, ते आपणच ठरवा. सुदैवाने रेघेवरच निभावलं.

मी का चुकलो, याचा नंतर विचार केला. खडकवासल्यात रायफल खोलायला शिकलो, त्याला दोन दशकांहून अधिक काळ लोटला. इतक्या वर्षांत मला जुळवणीचा प्रश्नच पडला नाही, कारण तो माझ्यासाठी दुसऱ्या कोणीतरी आधीच सोडवलेला असे. वरणगावच्या फॅक्टरीत १९६४ पासून आणि खडकीत १८६९ पासून, माप घेणाऱ्या हातांनी. युनिटमध्ये गेज घेऊन बसणाऱ्या आर्मररने. मला सीलबंद पेटी मिळाली. मी त्या सोयीलाच ज्ञान समजलो.

आणि नंबरवर विश्वास ठेवायची सवय आपल्याला चांगलीच आहे. 'सेव्हन सिक्स टू' म्हणताना आपण नेमकं काय म्हणतो? जुनी एसएलआर आणि आताची सिग ७१६ यांची गोळी ७.६२ बाय ५१. एके-४७ आणि अमेठीजवळ कोरव्यात बनणाऱ्या एके-२०३ ची ७.६२ बाय ३९. ड्रॅगुनोव्हची ७.६२ बाय ५४, तीही कडा बाहेर आलेली. तिन्ही एकाच फौजेत, तिन्हींचं पहिलं नाव एकच. एकाची गोळी दुसऱ्याला चालत नाही. मागणीपत्रात नुसतं ७.६२ लिहिणं म्हणजे अर्धंच पत्र लिहिणं.

शेल होल्डरचंही तसंच. आरसीबीएसचा ३ नंबर थ्री-नॉट-एटला लागतो, ली कंपनीत त्याच पुंगळीला २ नंबर. लीचा ४ नंबर टू-टू-थ्रीच्या बारीक पुंगळीचा, आरसीबीएसचा ४ नंबर जाड मॅग्नमचा. नंबर ही कंपनीची सोय आहे, माप नव्हे.

यावर जाणकार म्हणतात, "सगळं एकाच कंपनीचं घ्या, प्रश्न मिटला." नवशिक्याला हा सल्ला चांगला आहे, मीही आता तोच देतो. पण तो पुरेसा नाही. घासलेल्या चकतीवरही कंपनीचं नाव तसंच असतं. दुसरे म्हणतात, "माप ठरलेलं आहे, कुठलंही लावा." हे माझंच जुनं उत्तर. माझं आताचं मत असं: डाय आणि होल्डर ही दोन वस्तू नाहीत, एक जोडी आहे. होल्डर बदलला की डाय पुन्हा बसवायची. आणि झाडलेल्या पुंगळीचा खांदा किती मागे गेला, हे दर वेळी गेजने पाहायचं. दोन चांगल्या वस्तूंची जोडी चांगलीच निघेल, हे गृहीत धरू नये. पोस्टिंगवर नव्या टीमसोबत काम केलेल्या प्रत्येकाला हे वेगळं सांगायला नको.

इथल्या वाचकांसाठी एक सूचना. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच काडतुसांचे भाग आणि ती बनवायची यंत्रंही येतात. तेव्हा भाच्याचं पाहून कोणी परवान्याशिवाय प्रेस मागवू नये.

भाच्याने ताणलेल्या पुंगळ्या भंगारात टाकल्या, चकती हातोडीने ठोकून निकामी केली, म्हणजे ती तिसऱ्याकडे जायला नको. नवी जोडी आणि गेज आणला. परवा विचारत होता, "मामा, आता बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, "मला विचारू नकोस. गेजला विचार."