सूर्यास्ताची घाई आणि विम्याचा कागद



दिवाळी जवळ आली की आपल्या घरांत दोन याद्या होतात. एक फराळाची आणि दुसरी जाण्यायेण्याची. सकाळी निर्वाण लाडू चढवून झाला की कोणी शिरपूरला निघते, कोणी कचनेरला, कोणी मुक्तागिरीला. भाऊबीजेचे माहेर तर ठरलेलेच. निघताना आपण डबे, पाण्याचे गाळणे, औषधे, मुलांचे स्वेटर सगळे आठवणीने घेतो. गाडीचा विमा मात्र "ते बघतील" म्हणून सोडून देतो. मीही तेच करत होते. आता करत नाही, आणि तुम्हीही करू नये असे मला वाटते.

मागच्या दिवाळीतली गोष्ट. दिरांच्या गाडीतून आम्ही शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला गेलो होतो. सासूबाई, जाऊबाई, मुले, सगळे. दर्शन, जेवण, मुलांचे खेळणे यात निघायला उशीर झाला. सासूबाईंचा रात्रिभोजनाचा त्याग तीस वर्षांचा. या दिवसांत आपल्याकडे पावणेसहा-सहाच्या दरम्यान सूर्य मावळतो. "आईंचे जेवण चुकायला नको" म्हणून भाऊजींनी गाडी पळवायला सुरुवात केली. आम्हीही मागे बसून घड्याळच बघत होतो. मेहकर सोडून चिखलीकडे येताना मावळतीचे ऊन थेट डोळ्यांवर होते. पुढे कापसाने भरलेली ट्रॉली होती, मागे ना दिवा ना लाल पट्टी. दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. ब्रेक लागले, तरी गाडी ट्रॉलीवर आदळलीच.

जीव वाचले, ही देवाची कृपा. पण सासूबाईंचे मनगट मोडले आणि गाडीचा पुढचा भाग चेपला. दवाखान्यात हाताला प्लॅस्टर घालून झाल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "अरे, एक वेळ उपाशी राहिले असते तर काय झाले असते?" कोणाकडेच उत्तर नव्हते. ज्या जेवणासाठी एवढी घाई केली, ते तर तसेही झाले नाही.

दुसरा धक्का चार दिवसांनी बसला. गाडी घेऊन दोनच वर्षे झाली होती. शोरूममध्ये "तीन वर्षांचा विमा आहे" असे सांगितले होते आणि सगळे निश्चिंत होते. पॉलिसी काढून वाचली तर कळले, तीन वर्षे होती ती फक्त थर्ड पार्टी. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग एकाच वर्षाचा होता आणि तो कधीच संपला होता. गॅरेजचे सगळे बिल घरातून गेले. फसवणूक कोणी केली नव्हती. कागदावर सगळे लिहिलेले होते, आम्ही ते वाचले नव्हते.

तेव्हापासून मी पॉलिसी वाचायला शिकले. जे समजले ते आपल्या भाषेत सांगते.

थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. सप्टेंबर २०१८ पासून नवीन कार घेताना तो एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. तो आपल्यासाठी नसतो. आपल्या गाडीमुळे रस्त्यावरच्या माणसाचा जीव गेला, तो जखमी झाला किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्याला भरपाई मिळावी म्हणून असतो. मला तर हा विमा आपल्या धर्माच्या जवळचाच वाटतो. आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याचे घर उघड्यावर पडू नये, एवढी सोय आधीच करून ठेवायची. म्हणून तो एक दिवसही खंडित होऊ देऊ नये.

पण नुसत्या थर्ड पार्टीत आपली चेपलेली गाडी येत नाही. आणि खासगी कारमध्ये आपल्यासोबत बसलेली माणसेही त्यात धरली जात नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतून स्पष्ट झाले आहे. म्हणजे मागच्या सीटवरच्या सासूबाई, नणंद, शेजारच्या काकू, ज्यांना आपण हौसेने दर्शनाला नेतो, त्यांच्यासाठी तो कागद काहीच करत नाही. सर्वसमावेशक म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर चालकाच्या चुकीने इजा झाल्यास गाडीतल्या माणसांनाही भरपाई मागता येते. थोडे जास्त भरून प्रत्येक सीटसाठी वेगळा अपघात विमाही जोडता येतो. यात्रेला माणसे भरून न्यायची असतील तर हा खर्च वाचवू नका.

तिसरी गोष्ट खास आपल्या घरांसाठी. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा असतो. तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्यासाठी, आणि त्याच्याकडे चालू लायसन्स असेल तरच. आपल्याकडे कितीतरी गाड्या घरच्या लक्ष्मीच्या नावावर असतात, नाहीतर दुकानाच्या फर्मच्या नावावर. लक्ष्मीकडे लायसन्स नाही, फर्मला तर ते मिळतच नाही, आणि चालवणारा मुलगा किंवा नवरा कागदावर मालक नाही. मग त्या पंधरा लाखांचा आधार कोणालाच नाही. गाडी तुमच्या नावावर असेल तर आजच बघा. चालवणाऱ्यासाठी वेगळा अपघात विमा घ्यावा लागेल.

चौथी गोष्ट. सुट्ट्यांत घरची गाडी कमी पडते आणि आपण ओळखीच्या कोणाची पांढऱ्या पाटीची सात सीटर गाडी डिझेल आणि वर काही पैसे देऊन ठरवतो. खासगी गाडी भाड्याने वापरली तर तो पॉलिसीच्या अटींचा भंग होतो आणि दावा अडकू शकतो. भाड्याची गाडी पिवळ्या पाटीचीच घ्यावी. दोन पैसे जास्त जातील, जाऊ द्या.

आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती "गल्लीतच तर चालवतोय" म्हणून किल्ली देणे बंद करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर यासाठी पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड आहे. लायसन्स नसलेला चालवत असेल तर आपल्या गाडीचा दावाही नाकारला जातो.

इथपर्यंत कागदाचे झाले. पण विमा मनगट जोडून देत नाही आणि गेलेले माणूस परत आणत नाही, हे आपल्या बुलढाणा जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात, नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली. २५ जण त्यात गेले. त्याच महिन्याच्या शेवटी मलकापूरला दोन खासगी बस समोरासमोर धडकल्या. त्यातली एक अमरनाथची यात्रा करून परतणाऱ्या भाविकांची होती. देवदर्शनाहून येतोय म्हणून रस्ता कोणाला सवलत देत नाही.

समृद्धीवर कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. या वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. डोळ्यावर तीन सेकंद डुलकी आली तर शंभर मीटर गाडी कोणी चालवतच नसते. आणि वेग वाढवून वाचते किती? चाळीस किलोमीटर अंतर ८० ऐवजी १०० च्या वेगाने कापले तर सहा मिनिटे. फक्त सहा. आपल्या साध्या रस्त्यांवर तर दिवाळीत कापसाच्या गाड्या, रस्त्याच्या कडेला वाळत घातलेले सोयाबीन आणि अंधार पडला की अचानक आडवे येणारे रोही.

आपले साधू-साध्वी ईर्यासमिती पाळतात. पुढची चार हात जमीन बघून मगच पाऊल टाकतात, पायाखाली मुंगीही येऊ नये म्हणून. आपण गृहस्थ, आपल्याला तेवढे जमणार नाही. पण त्यातले मर्म घेता येते. जेवढा रस्ता डोळ्यांना दिसतो, तेवढ्यात गाडी थांबवता आली पाहिजे. त्याहून जास्त वेग म्हणजे प्रमाद, आणि प्रमादातून होणारी हिंसा आपल्याच खात्यावर जमा होते. एक नियम पाळण्यासाठी हा दुसरा, त्याहून मोठा नियम मोडणे मला पटत नाही.

काही जणी म्हणतात, "कर्मात असेल ते होणारच." मग आपण तिजोरीला कुलूप का लावतो? पाणी गाळून का पितो? आपल्या धर्मात पुरुषार्थाला जागा आहे, आणि सावधपणे वागणे हा पुरुषार्थच आहे.

आमच्या घरी आता काही गोष्टी ठरल्या आहेत. लांब जायचे असेल तर संध्याकाळचा डबा सोबत असतो. पाच वाजले की जिथे असू तिथे बरीशी जागा बघून गाडी थांबते, मोठ्यांचे जेवण उरकते आणि मग गाडी निवांत निघते. फारच उशीर होणार असेल तर क्षेत्रावरच्या धर्मशाळेत मुक्काम करतो. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसायचे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा मागच्या सीटवरचे दोघे गेले आणि पुढचे दोघे वाचले. मागच्यांनी पट्टा लावलेला नव्हता. साडी चुरगळते म्हणून पट्टा नको म्हणणाऱ्यांत मीही होते.

अपघात झालाच, आपला किंवा दुसऱ्याचा, तर आधी १०८ ला फोन करून जखमींना हलवा. मदत करणाऱ्याला पोलिसांनी त्रास देऊ नये असा कायदा आहे, म्हणून घाबरून पुढे निघून जाऊ नका. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींना योजनेतल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची सोय झाली आहे, दवाखान्यात तिची विचारणा करा. मग फोटो काढा, विमा कंपनीला लगेच कळवा, आणि त्यांचा माणूस बघून जाईपर्यंत गाडी दुरुस्तीला काढू नका.

या रविवारी फराळाची भाजणी भाजून झाली की पॉलिसी काढून घेऊन बसा. विमा कधी संपतो, पॅकेज आहे की नुसती थर्ड पार्टी, गाडी कोणाच्या नावावर आहे, लायसन्स चालू आहे का, एवढे चारच प्रश्न विचारा. तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, तिथीच्या शेजारीच. आणि गाडीत बसल्यावर वेग वाढला तर "हळू" म्हणायला संकोच करू नका. त्या संध्याकाळी आमच्यापैकी एकीने तो शब्द उच्चारला असता, तर सासूबाईंना आज पोळी लाटताना हात आवरून धरावा लागला नसता.