कवळी एकदाच बसवून भागत नाही

काशीच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट भागातल्या गल्ल्यांत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. काही जण उतारवयात काशीवासाला म्हणून आले आणि तिथलेच झाले. या वयाच्या माणसांशी बोलायला बसलं की काशी असो वा कोल्हापूर, एक वाक्य हमखास कानावर येतं, ‘कवळी आहे हो, पण घालत नाही. खालची बसतच नाही.’ मग भाकरी सुटते, भात कालवून गिळला जातो, आणि घरचे म्हणतात, वयच झालं आता.

काशीत हे दुखणं ताटापुरतं राहत नाही. तिथे वेदपठणावर आणि पौरोहित्यावर घरं चालत आली आहेत. त, थ, द, ध, न, ल, स हे दंत्य वर्ण; जिभेला दातांचा आधार नसेल तर ते नीट उमटत नाहीत. वरची कवळी घसरू लागली की ‘स’ची शिट्टी होते. दातांचे डॉक्टरही नवी कवळी तपासताना ‘स’, ‘फ’, ‘व’ म्हणायला लावतात ते याचसाठी. संहिता मुखोद्गत असलेला माणूस केवळ कवळी हलते म्हणून पारायणाला बसायचं टाळत असेल, तर ते नुकसान त्याच्या एकट्याचं नाही.

कवळी सैल झाली की दोष डॉक्टरला तरी दिला जातो, नाहीतर म्हाताऱ्या माणसाच्या हट्टाला. खरं कारण हिरडीखालच्या हाडात असतं. दात काढल्यावर त्यांना धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. पहिल्या काही महिन्यांत ते झपाट्याने झिजतं, पुढे वेग कमी होतो, पण झीज जन्मभर थांबत नाही. आंत्ये टॉलग्रेन या संशोधिकेने 25 वर्षांच्या निरीक्षणांवर आधारलेला अभ्यास 1972 मध्ये प्रसिद्ध केला. खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट, असं त्यात दिसलं. त्यातून वरच्या कवळीला टाळूचा विस्तीर्ण आधार मिळतो; खालची मात्र नालेच्या आकाराची, अरुंद, आणि जीभ तिला सतत ढकलत असते. कवळी आहे तशीच राहते, तिच्याखालची जमीन खचते.

यावर इलाज आहे आणि तो फार अवघड नाही. टोचत असेल तर डॉक्टर कवळीच्या आतून पांढरी पेस्ट लावून ती तोंडात बसवतात. जिथे दाब जास्त, तिथली पेस्ट सरकते आणि खालचा गुलाबी रंग उघडा पडतो. तेवढीच जागा घासली की काम झालं. कवळी सैल असेल तर तिच्यातच मापाचा मसाला भरून हिरड्यांचा आजचा ठसा घेतात आणि त्या मापाने आतून नवं अस्तर चढवतात. याला रिलाइनिंग म्हणतात; दात तेच राहतात. साधारण पाच ते सात वर्षांनी मात्र नवी कवळी करावी लागते.

घरी कानस चालवू नका, फेविक्विक लावू नका. कवळी चिकटवायची पावडर किंवा क्रीम थोडं वापरायला हरकत नाही, पण रोज भरपूर लागत असेल तर माप चुकलंय असं समजा. जस्त असलेलं क्रीम वर्षानुवर्षं अति वापरल्याने काही जणांच्या मज्जातंतूंना इजा झाली होती. 2010 मध्ये एका मोठ्या कंपनीने असं उत्पादन मागे घेतलं. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा. उकळतं पाणी नको, त्याने ती वाकते. टूथपेस्टने चरे पडतात. मऊ ब्रश आणि साबण पुरे. धुताना खाली पाण्याने भरलेलं घमेलं ठेवा, हातातून निसटली तरी फुटणार नाही.

बनारसी पानाच्या शौकिनांसाठी आणखी एक. सुपारीचा कण कवळीखाली अडकून हिरडी सोलतो. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ‘कवळी लागली असेल’ म्हणून थांबू नका. बनारस हिंदू विद्यापीठात दंतविभाग आहे, टाटा मेमोरियलचं कर्करोग रुग्णालयही शहरात आहे. ताबडतोब दाखवा.

आता मुद्दा कवळ्या देणाऱ्यांचा. 1 एप्रिल 2017 पासून केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना गरीब ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीही देते, आणि एक वर्ष मोफत देखभालीची हमी आहे. योजना चांगलीच आहे. पण काठीला वर्ष पुरेल, कवळीला नाही, कारण हाड दुसऱ्या वर्षीही झिजत असतं. कवळ्या वाटायची शिबिरं भरवणाऱ्या मंडळांना आणि ट्रस्टांनाही माझी एक विनंती आहे. शंभर नव्या कवळ्यांची घोषणा करण्याआधी गेल्या वर्षी दिलेल्यांपैकी किती तोंडात आहेत ते विचारा. नव्यांची संख्या कमी झाली तरी चालेल, पण दरवर्षीच्या तपासणीचे आणि अस्तराचे पैसे आधी बाजूला काढा. घरच्यांनीही आई-वडिलांच्या डोळ्यांच्या आणि साखरेच्या तपासणीबरोबर कवळीची तारीख वहीत लिहून ठेवावी. दुखणं सुरू होण्याची वाट पाहू नये.