भरतीची पोरं रोज पळत नाहीत, रोज परीक्षा देतात

पहाटे साडेचार-पाचला आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर जा. अंधारात पोरं-पोरी पळताना दिसतील. पोलीस भरती, आर्मी, वनरक्षक, नाव काहीही असो. घरची दोन-तीन एकर, तीही पावसाच्या भरवशावर. त्यामुळे या पळण्यावर आख्ख्या घराचं लक्ष असतं. मेहनतीत पोरं कुठेही कमी नाहीत. मेहनत चुकीच्या पद्धतीने होते, आणि त्याला जबाबदार फक्त पोरं नाहीत, एवढंच मला म्हणायचंय.

आधी पळण्याचं बोलू. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर, २० गुणांसाठी. पैकीच्या पैकी हवे असतील तर मुलांनी ५ मिनिटं १० सेकंदांत आणि मुलींनी २ मिनिटं ५० सेकंदांत यायचं. म्हणून काय होतं? पोरगं रोज सकाळी १६०० जीव तोडून मारतं, घड्याळ बघतं, काल ५:४० होते आज ५:४२ आले म्हणून तोंड पाडून घरी जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिन्याभरात नडगीत कळ, गुडघा धरलेला, आणि वेळ आहे तिथेच.

राव, हा सराव नाही. ही रोजची परीक्षा झाली. रोज पेपर लिहून कुणी हुशार होत नाही, मध्ये अभ्यास करावा लागतो.

१६०० मीटर हे अंतर दिसायला छोटं आहे, पण त्यातली बहुतेक ताकद श्वासावरच्या दमातून येते. तो दम तयार होतो सावकाश आणि जास्त वेळ पळून. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड नावाचे प्रशिक्षक होते. त्यांचा पीटर स्नेल १९६० च्या ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचं सुवर्ण जिंकला, १९६४ ला ८०० आणि १५०० दोन्ही. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी लिडियार्ड त्याला रविवारी ३५ किलोमीटर पळवायचे! आपल्याला एवढं करायची गरज नाही, पण तत्त्व तेच.

आठवड्याचा साधा हिशोब सांगतो. सहा दिवस पळत असाल तर चार दिवस सावकाश. सावकाश म्हणजे सोबतच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत, दम लागून शब्द तुटता कामा नये. किलोमीटरला साडेपाच-सहा मिनिटं लागली तरी लाजू नका. यातला एक दिवस लांबचा, आठ-दहा किलोमीटर, तोही हळूहळू वाढवत नेलेला. उरलेले दोन दिवस जोराचे. एका दिवशी ४०० मीटरचे पाच-सहा राऊंड, प्रत्येकानंतर दोन मिनिटं चालत-जॉगिंग करत. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं थोडं दम लागेल अशा एकसारख्या वेगात. हे दोन दिवस एकमेकांना लागून घेऊ नका. सातव्या दिवशी आराम, आणि आराम म्हणजे आरामच. पूर्ण १६०० घड्याळ लावून तीन-चार आठवड्यांतून एकदाच.

दुसरी गोष्ट वेगाची वाटणी. ५:१० म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर प्रत्येक राऊंड साडेसत्त्याहत्तर सेकंदांचा. पोरं गर्दीत उधळतात. समजा पहिला राऊंड ६८ ला मारला, मग ७६, मग ८४, शेवटचा ९०. बेरीज करा, ५:१८. सुरुवातीला कमावलेले साडेनऊ सेकंद शेवटी व्याजासकट गेले. मुलींसाठी हाच हिशोब ८५ आणि ८५. हा वेग घड्याळाशिवाय पायाला कळेपर्यंत घोटायचा.

तिसरी, खाणं आणि रक्त. आपल्या देशात निम्म्याहून जास्त बायका-मुलींच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारचंच सर्वेक्षण सांगतं. दम वाढत नाही म्हणून पोरीला आळशी म्हणण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा. पावडरच्या डब्यापेक्षा भाकरी, मोडाची मटकी, शेंगदाणे, गूळ, अंडी आणि आठ तास झोप जास्त कामाची. आणि चाचणीच्या दिवशी दुखणं दाबायला गोळी-इंजेक्शन घेऊन पळणं बंद करा. अंगात पाणी कमी, वर ऊन, त्यात पेनकिलर, हा किडनीशी खेळ आहे.

आता व्यवस्थेचं बोलू. कारण वर सांगितलेलं सगळं करायला दोन गोष्टी लागतात, जागा आणि तारीख. आपल्या पोरांकडे दोन्ही नाहीत.

जागा नाही म्हणून पोरं डांबरी रस्त्यावर पळतात. अंधारात, ट्रक-डंपरच्या शेजारून. (पळायचंच असेल तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या बाजूने पळा, कानात हेडफोन नको, अंगात पांढरा शर्ट हवा.) तालुका क्रीडा संकुल नावाची योजना आहे, पण पहाटे पाचला कुलूप असेल तर ते संकुल कुणासाठी? सिंथेटिक ट्रॅक कुणी मागत नाही. मातीचं सपाट मैदान, मोजून मारलेली ४०० मीटरची चुन्याची रेघ, दोन लाइट आणि पाण्याचा नळ. ग्रामपंचायतीने मनावर घेतलं तर जमण्यासारखं आहे. शाळेचं मैदान सकाळी सातपर्यंत उघडं ठेवायला तर पैसाही लागत नाही.

आणि तारीख. जाहिरात कधी निघेल, ग्राउंड कधी लागेल, कुणालाच माहीत नसतं. तारीख माहीत असेल तर तीन महिने पाया, दोन महिने वेग, शेवटचे दहा दिवस सराव कमी करून ताजं राहणं, असं नियोजन करता येतं. माहीत नसेल तर पोरगं वर्षभर रोज ‘उद्या ग्राउंड आहे’ असं समजूनच पळतं. रोजच्या परीक्षेचं मूळ इथे आहे. त्यात २०२४ ची चाचणी सुरू झाली ती जूनच्या मध्यावर, ऐन पावसात. चिखलात पळालेल्या आणि कोरड्या मैदानावर पळालेल्या पोराची तुलना कशी करायची? २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत ५ किलोमीटर पळताना उमेदवार दगावले होते. नंतर अंतर कमी झालं, पण मोसमाचा धडा शिकलो का? थंडीच्या महिन्यांत, सकाळच्या वेळी, आधीपासून जाहीर वेळापत्रकाने चाचणी घेणं अशक्य नाही. शाळेच्या परीक्षांचं वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी लागतं, मग याचं का नाही?

अकॅडम्या काढणाऱ्यांनाही एक विनंती. फी घेताय तर पन्नास पोरांना एकाच वेगाने पळवू नका. ज्याचे ६:३० येतात आणि ज्याचे ५:२० येतात, त्यांचा सराव एक असूच शकत नाही.

निवडणुका येतात तेव्हा मंडळांना क्रिकेटचे किट आणि टी-शर्ट वाटले जातात. यावेळी दारात आलेल्या प्रत्येकाला एकच विचारा, पहाटे मैदानाचं कुलूप कोण उघडणार? आणि तुमच्या घरातलं, गल्लीतलं पोरगं पळत असेल तर त्याला आज एवढंच सांगा, उद्या सावकाश पळ.