शिंग कीं अंगठा?

परदेशाहून परतणारा गृहस्थ बहुधा तेथील भव्य वस्तूंचें वर्णन करितो. आम्हांस मात्र आज अशा वस्तूंविषयीं लिहावयाचें आहे कीं, ज्या चुकीच्या ठरल्या आणि तरीहि काळजीपूर्वक जतन केल्या गेल्या.

गेल्या उन्हाळ्यांत दोघां समवयस्क स्नेह्यांसह आम्ही लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावरून आगगाडीनें क्रिस्टल पॅलेस उद्यानांत गेलों. १८५१ च्या प्रदर्शनासाठीं हाइड पार्कमध्यें उभारलेला काचेचा महाल पुढें येथें आणिला होता. १९३६ सालीं तो जळून गेला. परंतु १८५४ सालीं बसविलेले प्राचीन प्राण्यांचे पुतळे तळ्याकांठीं अद्याप उभे आहेत. ते घडविले बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनीं. शास्त्रीय मार्गदर्शन रिचर्ड ओवेन यांचें. 'डायनोसॉर' हें नांव याच ओवेन यांनीं १८४२ सालीं प्रचारांत आणिलें. गंमत अशी कीं, या साऱ्या मेळ्यांत खरे डायनोसॉर चारच आहेत.

त्यांपैकीं इग्वानोडॉन पाहावा तर गेंड्यासारखा धिप्पाड, चार पायांवर उभा, आणि नाकावर शिंग! गिडियन मँटेल या इंग्रज वैद्यानें १८२५ सालीं दांतांवरून या प्राण्यास नांव दिलें. पुढें एक टोंकदार हाड मिळालें, तें नाकावर बसविलें गेलें. १८५३ च्या ३१ डिसेंबरास तर हॉकिन्स यांनीं या पुतळ्याच्या सांच्यांतच विद्वानांस मेजवानी दिली. त्यानंतर पंचवीस वर्षांनीं बेल्जममधील बेर्निसार येथें, कोळशाच्या खाणींत तीनशें मीटरांहून अधिक खोल, याच जातीचे सबंध सांगाडे सांपडले. लुई डोलो यांनीं ते अभ्यासून दाखविलें कीं, तें हाड शिंग नसून हाताच्या अंगठ्याचें आहे.

हें ऐकून आमचे एक स्नेही, जे जन्मभर पूल बांधण्यांत गुंतलेले होते, म्हणाले, "अहो मास्तर, मग हे मोडून नवे कां उभारीत नाहींत? मुलें येथें खोटें शिकतील." दुसरे म्हणाले, "देवळांतली झिजलेली मूर्ति कोणी टाकून देतो काय?" त्यावर पहिल्यांचें उत्तर तयार, "भंगलेली असेल तर विसर्जन करितातच कीं!"

इतक्यांत शेजारीं उभ्या असलेल्या सहा-सात वर्षांच्या एका मुलानें आपला अंगठा नाकावर उभा धरून आईस दाखविला आणि तो खदखदां हंसला. त्यास पुतळ्याची चूक ठाऊक होती. आमचे स्नेही कांहीं बोलले नाहींत.

वाचकहो, आपल्या शास्त्रग्रंथांत सिद्धान्त सांगण्यापूर्वीं पूर्वपक्ष मांडितात, तो उगीच नव्हे. पूर्वपक्ष पुसून टाकिला तर सिद्धान्त केवळ पाठ करण्याची वस्तु होतो. मँटेल मूर्ख नव्हते. त्यांच्या हातीं मूठभर हाडें होतीं, डोलो यांच्यापुढें सबंध सांगाडे होते. घरांतहि हेंच घडतें. आजोबांचें एखादें मत जुनें ठरलें कीं, कोणी त्यास हट्टानें चिकटून बसतो, कोणी आजोबांसच अडाणी ठरवितो. त्यांच्या हातीं काय होतें, हें कोणी विचारीत नाहीं, आणि मग दोन पिढ्यांतील बोलणेंच बंद पडतें.

इंग्लंडनें २००७ सालीं या पुतळ्यांस संरक्षित वास्तूंतील सर्वोच्च श्रेणी दिली. आपल्या माळ्यावर नऊ ग्रह शिकविणारें एखादें जुनें पुस्तक असेल. २००६ सालीं प्लूटोची गणना बटुग्रहांत झाली, म्हणून तें रद्दींत घालूं नये. या सुट्टींत तें नव्या पुस्तकाशेजारीं ठेवावें आणि नातवंडांस विचारावें, 'तेव्हां असें कां मानीत, आणि आतां कां मानीत नाहींत?' उत्तर शोधतांना आजोबांनींहि शेजारीं बसावें.